सिवाचचे गोल

सिवाचने मारलेले सगळे गोल पेरणीयंत्रांच्या कारखान्याच्या गोदामात, लाकडी फळ्यांवर ठेवलेले होते आणि त्यांची देखभाल माझ्याकडे होती. एकेक गोल कोबीच्या गड्ड्याएवढा, हाताला कोमट लागतो. कान लावला तर आत आमचं मैदान ऐकू येतं. मी खरं तर कारखान्याचा ग्रंथपाल. वाचनालय बंद झालं तेव्हा शेजारचं गोदाम माझ्या गळ्यात पडलं. या कामाला मी योग्य आहे असं मला कधीच वाटलं नाही. मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही.

सिवाच म्हणजे पेरणारा. युक्रेनच्या सपाट मुलखातल्या आमच्या गावाचा, कारखान्याच्या पैशावर चालणारा फुटबॉल संघ. खेळाडूंची नावं फिटर आणि टर्नर म्हणून हजेरीपटावर होती, पगारही तोच, पण यंत्राला हात लावायची त्यांना बंदी होती. वरून विचारणा झाली, की हे फिटर बनवतात काय? तेव्हा संचालकांनी त्यांचे गोलच कारखान्याचं उत्पादन म्हणून दाखवले. तपासनीस येऊन प्रत्येक गोल ठोकून बघायचा आणि शिक्का मारायचा. आम्ही हसलो होतो.

मग कारखाना बुडाला, संघ मोडला. नवा मालक म्हणाला, शिक्का आहे म्हणजे माल माझा. त्याने सगळे गोल शहरातल्या एका क्लबला विकून टाकले. त्या क्लबकडे सगळं होतं, फक्त मिरवण्यासारखा इतिहास नव्हता.

पहिला ट्रक भरून गेला त्या दिवशी आमच्या न्हाव्याला दात उगवला. एका गोलनंतरच्या जल्लोषात शेजाऱ्याचं कोपर लागून पडलेला तो दात. "हा माझा नाही," तो आरशात बघत म्हणत राहिला. शाळेतल्या मास्तरांना थोरल्या मुलीला काय नावाने हाक मारायची ते कळेना. ती जन्मली तेव्हा झालेल्या गोलवरून त्यांनी नाव ठेवलं होतं. गोदामही आखडत चाललं. जेवढ्या फळ्या रिकाम्या होत, तेवढी पलीकडची भिंत अलीकडे येई.

मला राग आला. मला राग क्वचित येतो, आणि आला की तो योग्य आहे का याचाच मी विचार करत बसतो. यावेळी विचार करून झाला तरी राग तिथेच होता. मी फुटबॉल संघटनेच्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कोणता संघ?" मी नाव सांगितलं. "असा संघ आता नाही," त्या म्हणाल्या, "म्हणजे तक्रारही नाही." आणि त्यांनी माझ्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

परत आलो तेव्हा गोदाम एका खोलीएवढं उरलं होतं. आत शेवटचा गोल होता, ओस्तापचा, आणि त्याला मांडीवर घेऊन त्याची बायको ओदार्का बसली होती. ओस्ताप जाऊन बरीच वर्षं झाली. हा गोल मारून तो चिखलाच्या बुटांनी कुंपण ओलांडून गेला होता आणि सगळ्यांसमोर तिला लग्नाचं विचारलं होतं.

"मिरोन, हा जाऊ द्यायचा नाही," ती म्हणाली. "हा गेला तर मी कोणाची विधवा?"

क्लबचा माणूस ल्युबोमिर दारात उभा होता. नवे बूट, गोड आवाज.

"मिरोन स्तेपानोविच, हा तर आम्हाला हवाच आहे."

"हा तुमच्याच क्लबवर मारलेला आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच. आमच्या फळीवर आला की तो आमच्यावर झालाच नाही असं होईल."

"आणि माझं लग्न?" ओदार्काने विचारलं.

"त्याची नोंद आमच्याकडे नाही, बाई."

"मेलेल्या माणसाचा गोल पळवतोस. तुझ्या आईला सांगू का?"

"आईला फुटबॉल आवडत नाही."

भिंत आणखी सरकली. छत माझ्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबलं. अशा वेळी मी नेहमी पुटपुटतो आणि माझं पुटपुटणं लोक होकार समजतात. म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "नाही."

ल्युबोमिरने मान डोलावली, जणू हेच उत्तर त्याला अपेक्षित होतं. "मग रीतसर घेऊ," तो म्हणाला.

समोरची भिंत निघून गेली. तिच्या जागी दोन पांढरे खांब आणि वर एक आडवा दांडा राहिला. मागची भिंत विरत विरत तिची जाळी झाली. जाळीत ओदार्का, तिच्या मांडीवर गोल, आणि रेषेवर मी. समोर गवत होतं. ट्रकमधून हमाल उतरले. त्यांच्या अंगात शहरातल्या क्लबचे सदरे होते. त्यांनी ट्रकमधला आमचाच एक गोल आणून चुन्याच्या ठिपक्यावर ठेवला. त्यात आमचेच लोक ओरडत होते.

"हा आत गेला की आतलं सगळं आमचं," ल्युबोमिर म्हणाला. त्याने कोट काढून एका हमालाच्या हातात दिला आणि मागे मागे चालत गेला.

"तुम्हाला येतं का हे?" मी ओदार्काला विचारलं.

"मी फक्त बघितलंय," ती म्हणाली. "गुडघे वाकव."

मी गुडघे वाकवले. ल्युबोमिर धावत निघाला.