इस्त्री बंद केली ना?

आमच्या लाँड्रीत एकदाही कपडा जळलेला नाही. तरी आमच्या ह्यांना रोज संध्याकाळी अख्खं दुकान जळताना दिसायचं.

शटर ओढून कुलूप लावलं की हे दोन पावलं चालायचे आणि थांबायचे. अगं, इस्त्री बंद केली ना? मी म्हणायची, केली हो. कोपऱ्यापर्यंत गेलं की पुन्हा तेच. मग मागे फिरायचं, कुलूप काढायचं, शटर वर करायचं, बटण बघायचं, प्लग बघायचा, गार इस्त्रीला हात लावायचा. दुकानाच्या वर बिऱ्हाडं राहतात, लहान मुलं आहेत. आपल्यामुळे ती झोपेत होरपळली तर, हा एकच किडा डोक्यात. शेजारचा शिंपी एकदा म्हणाला, इस्त्रीवाल्याचीच घडी विस्कटली की हो. मी त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नाही.

मग मी डोकं चालवलं. बंद बटणाचा फोनवर फोटो काढायचा आणि घरी विचारलं की दाखवायचा. थोडे दिवस बरे गेले. मग ह्यांना शंका, हा फोटो आजचा की कालचा? म्हणून मी बटणाशेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून फोटो काढायला लागले. एवढी मी हुशार! तर म्हणाले, फोटो काढून वळताना तुझा धक्का बटणाला लागला असेल तर? मी कपाळाला हात लावला.

हळूहळू पाहुण्यारावळ्यांकडे जाणं सुटलं. कोणी विचारलं तर मी सांगायची, ह्यांना पोटाचा त्रास आहे. लेकीला परगावी मुलगा झाला, पण आजोबांना नातू फोनमध्येच दिसायचा. दोनदा बॅग भरून निघालो आणि दोन्ही वेळा बसस्टँडवरून परत फिरलो. त्यानंतर लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, बाबांना यायचंच नसेल तर तसं सांग. मी वाट बघणार नाही." भांडली असती तर मी चार शब्द सुनावले असते. पण ती हळू आवाजात बोलली. असंच चाललं तर पोर हातची जाणार, हे मला कळत होतं.

त्याच सुमाराला मी सभागृहाचे टेबलक्लॉथ पोचवायला गेले होते. तिथे मनाच्या आजारांवर एका डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान चालू होतं, आणि गठ्ठा ताब्यात घेणारा मॅनेजर ते ऐकत बसलेला. म्हणून मीही दाराशी टेकले. बाई सांगत होत्या, काही माणसांना डोळ्यांनी बघूनसुद्धा खात्री पटत नाही. गॅस, कुलूप, नळ, पुन्हा पुन्हा बघतात. हा आजार आहे, वेड नाही, आणि ह्याला उपचार आहेत. मला वाटलं, ही बाई आमच्या घरात डोकावून आली की काय. मग म्हणाल्या, घरची माणसं मायेपोटी प्रत्येक वेळी 'हो, बंद आहे' सांगतात. माणूस घटकाभर शांत होतो, आणि भीती मात्र पोसली जाते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्याख्यान संपल्याबरोबर मी त्यांना गाठलं. आम्ही जीव टाकून सांभाळायचं आणि वर दोष आमच्याच माथी, असं बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गेल्या वर्षी तुमचे यजमान जेवढं विचारायचे," त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा आता कमी विचारतात की जास्त?"

मी त्यांच्या दवाखान्याचा पत्ता मागून घेतला.

ह्यांना तिकडे न्यायचं म्हणजे दिव्यच होतं. मला वेड्यात काढतेस का, म्हणाले. मी म्हटलं, अहो, वेड लागायची पाळी आता माझ्यावर आलीय, चला मुकाट्याने. गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला बाईंशी बोलणं. आणि घरचा अभ्यास असा, की इस्त्री एकदाच बंद करायची आणि मागे न बघता घरी यायचं. भीती येईल, ती येऊ द्यायची. माझा अभ्यास ह्यांच्यापेक्षा कठीण. ह्यांनी विचारलं तरी मी उत्तर द्यायचं नाही.

पहिल्या संध्याकाळी हे घामाने निथळत खुर्चीत बसले होते. एकदा सांग, म्हणाले, एकदाच. मी म्हटलं, भीती वाटतेय ते दिसतंय मला, पण उत्तर नाही देणार. दगड आहेस तू, म्हणाले. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पण हळूहळू त्यांचं विचारणं कमी होत गेलं. थांबलं नाही, कमी झालं.

मग बाईंनी लेकीकडे जायची परीक्षा ठेवली. त्या दिवशी इस्त्री मी बंद करायची, ह्यांनी आत यायचंही नाही. आम्ही निघणार एवढ्यात वकीलबाई काळा कोट घेऊन धावत आल्या. कोर्टात उभं राहायचंय, आत्ताच करून द्या. मी पुटपुटतच कोट इस्त्री केला, हँगरवर चढवला, त्यांच्या हातात दिला. बाहेर हे बॅग घेऊन घाई करत होते. शटर ओढलं आणि पळत सुटलो.

बस सुटली. ह्या वेळी हे परत फिरले नाहीत. पहिला थांबा मागे पडला. ह्यांचा एक गुडघा सारखा हलत होता. मग खिडकीकडे बघतच त्यांनी विचारलं, "इस्त्री बंद केली ना?"

शिकवल्याप्रमाणे मी गप्प राहिले. पण मनातल्या मनात उत्तर शोधायला गेले, आणि ते सापडेना.

कोट आठवला. त्याची दुमडलेली कॉलर आठवली. वकीलबाईंचे बूट आठवले. बटण काही केल्या आठवेना. इस्त्री उभी ठेवली की आडवी? प्लग? वरच्या बिऱ्हाडातली धाकटी पोर दुपारी एकटी झोपते. मला धूर दिसायला लागला, अगदी जिन्यावरून वर चढणारा. मी ताडकन उठले. पुढचा थांबा जवळ आला होता. दार उघडलं.

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांना काहीही समजावून सांगायला मला तासभर लागायचा. त्या दिवशी मी अवाक्षर न बोलता त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हे बॅग उचलणार आणि माझ्याआधी खाली उतरणार.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"बस खाली," म्हणाले. "काही झालेलं नाही. तुला आठवत नाहीये, एवढंच झालंय."

"अहो, पण खरंच..."

"माहीत आहे. मला रोज असंच होतं."

मी बसले. दार लागलं, बस हलली, घरं मागे पडत गेली. इस्त्री चालू होती की बंद, हे ना त्यांना ठाऊक होतं ना मला. पण त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मागे वळूनही बघितलं नाही.