४०२ वरून गेटला

शनिवारी संध्याकाळी गंधाली मुलुंडला माहेरी आली ती थेट जिन्याखालच्या मीटररूममध्येच शिरली. सोसायटीने नवा इंटरकॉम बसवल्यापासून तक्रारींना ऊत आला होता. कुणाचा फोन लागत नव्हता, कुणाचा भलत्याच घरात वाजत होता. यंत्र बंद करून चालू केलं की त्यातल्या नोंदी पुसल्या जात, त्यामुळे घोटाळा नेमका कुठे ते कुणालाच कळेना. सेक्रेटरी तिचे बाबा, बाळ प्रधान. मुलगी अंधेरीत ऑफिसांच्या फोनयंत्रणा सांभाळते, मग बाहेरचा माणूस कशाला?

"बाबा, बॅटरी यंत्रावर धर. माझ्या डोळ्यांवर नको."

"धरतोय गं. पण तू करतेयस काय?"

"आता इथली प्रत्येक नोंद झाल्याझाल्या माझ्या अंधेरीच्या कॉम्प्युटरवर जाईल. इथलं पुसलं गेलं तरी तिथे राहील."

"म्हणजे आमची शेजारीण दिवसातून किती वेळा गुणाजीला गेटवर फोन करून पिडते, ते तुला घरबसल्या कळणार?"

"किती वेळा ते कळेल. काय बोलते ते नाही."

"मग त्यात काय मजा!"

ती हसली. "उद्या सकाळी तिकडूनच यंत्र एकदा बंद-चालू करीन. थोडा वेळ इंटरकॉम नसेल. चालेल ना?"

"कर बिनधास्त. रविवारी सकाळी कोण कुणाला फोन करतंय?"

रविवारी सकाळी उशिरा तिने अंधेरीहून यंत्र बंद करून चालू केलं. दुपारी शेजारच्या नलिनीकाकू अळूवड्या घेऊन आल्या आणि त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडून बघतात तो बाबा खुर्चीतच गेलेले. आई गेल्यापासून ते एकटेच राहत. डॉक्टर म्हणाले, "हार्ट. बाराच्या आतच, आणि एका क्षणात." त्या 'एका क्षणात'ला धरून गंधाली तेरा दिवस उभी राहिली.

त्यानंतर सोसायटीतून इंटरकॉमची पुन्हा तक्रार आली, म्हणून तिने त्या रविवारच्या नोंदी उघडल्या आणि नजर एका ओळीवर आपटली. ४०२ वरून गेटला. साडेअकरा. उत्तर नाही.

४०२ म्हणजे बाबांचं घर. साडेअकरा म्हणजे यंत्र नुकतंच पुन्हा चालू होत असणार, गेटवरचा फोन अजून जागा झाला नसणार. त्या ओळीच्या वर काय, खाली काय, तिने पाहिलंच नाही. लॅपटॉप मिटला. त्यानंतर घास घशाखाली उतरताना, लिफ्टची वाट बघताना, तिला कुठेतरी एक फोन वाजत राहिलेला ऐकू यायचा. हे कुणाला सांगणार, आणि कोणत्या शब्दांत? कुणी सांत्वनाला आलं की ती चहा टाकायला उठायची.

सोसायटीने तगादा लावला तेव्हा ती एका संध्याकाळी मुलुंडला आली. रिकाम्या घरात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली आणि भिंतीवरच्या इंटरकॉमचं गेटचं बटण दाबलं.

"बोला," खालून आवाज आला.

"गुणाजी, मी गंधाली. काही नाही, लागतो का बघत होते."

"लागता मा ताई, झकास लागता."

स्क्रीनवर नोंद उमटली. ४०२ वरून गेटला. दुपारचे साडेबारा. उत्तर मिळालं.

गंधालीने खिडकीकडे पाहिलं. उन्हं कलली होती, खाली पोरांचं क्रिकेट रंगात आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.

यंत्र जगाच्या घड्याळाप्रमाणे वेळ पाठवत होतं, ग्रिनिचच्या. त्यात साडेपाच तास मिळवून घ्यायला तिने आपल्या कॉम्प्युटरला सांगितलंच नव्हतं. नव्याने कामाला लागलेल्या पोरांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची. नोंदी वर सरकवल्या. यंत्र चालू झाल्याची वेळ पहाटेची होती. तिने ते सकाळी उशिरा केलं होतं. म्हणजे ते साडेअकरा संध्याकाळचे पाच होते.

पाच वाजता बाबांना खाली चटईवर ठेवलेलं होतं. घर माणसांनी भरलेलं होतं.

ती अनवाणीच शेजारी गेली. "काकू, त्या दिवशी पाच वाजता आमच्या घरातून गेटवर कुणी फोन केला होता?"

"मीच की," नलिनीकाकू भाजी चिरताचिरता म्हणाल्या. "गाडी आली होती ना न्यायला, आत घ्यायला सांगत होते. मेल्याने उचलला तर शपथ! वळून बघते तर गुणाजी आपल्याच मागे, भावजींच्या पायाशी हात जोडून उभा. तो कसला उचलतोय? का गं? काय झालं?"

गंधालीने दाराची चौकट धरली. मग तिथेच उंबऱ्यावर बसली. इतके दिवस छातीत अडकलेला श्वास हुंदका होऊन बाहेर आला, आणि मागोमाग, तिचं तिलाच नवल वाटलं, हसू.

"मला वाटलं, बाबांनी मदतीसाठी फोन केला. आणि मी लाइन बंद करून ठेवली होती."

काकूंची सुरी थांबली. "अगं वेडे, एवढे दिवस हे पोटात घेऊन फिरत होतीस? पेपरसुद्धा मांडीवरून घसरला नव्हता त्यांच्या. मी पाहिलंय. फोनच्या दिशेने मानही वळली नव्हती."

काकू शेजारी येऊन खाली बसल्या. भाजीचे हात पदराला पुसून त्यांनी तिची पाठ थोपटली. दोष होता तोवर दुःखाला बसायला जागाच नव्हती. आता ते आलं, ओळखीच्या माणसासारखं, सावकाश.

"काकू," ती म्हणाली, "मला बाबाची फार आठवण येते."