दुपारी मला बंद करणारी आत्या

मित्रांनो, नेट गेलं की घरातले सगळे ज्याच्याकडे डोळे वटारून बघतात ना, तोच मी. राउटर. आता जुना झालोय. अंगाचा पांढरा रंग पिवळट पडलाय आणि एक कान ढिला होऊन वाकलाय. माझ्या डोक्यावरच्या दोन काड्यांना मी कान म्हणतो, तुम्ही काय वाट्टेल ते म्हणा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला सलग चालवून पाहिलं, तापवून पाहिलं आणि पास झाल्यावर खोक्यात घातलं. पुढे एक नेटवाला मला या घरात घेऊन आला. त्याने भिंतीला भोक पाडून वायर आत ओढली आणि बाहेरच्या खोलीत, घड्याळाखालच्या फळीवर मला बसवलं. माझे हिरवे दिवे लागले तेव्हा घरात काय आनंद झाला म्हणून सांगू! चष्म्याच्या दुकानात काम करणारे बाबा, शाळेत शिकवणारी आई आणि नुकतंच शिक्षण संपवलेली ताई, सगळे माझ्याभोवती गोळा झाले. मी अगदी लाडोबा झालो.

आत्या मात्र दारात पदराला हात पुसत उभी होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची. तिने नेटवाल्याला विचारलं, "हा बंद कधी करायचा?"

"बंद नाही करायचा, काकू. रात्रंदिवस चालायलाच बनवलाय तो. थकत नाही."

"असं म्हणूनच तर लोक राबवून घेतात," आत्या म्हणाली.

तिचं बोलणं मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. तिचा नवरा ट्रक चालवायचा. मालक म्हणायचा, हा गडी थकतच नाही. एका लांबच्या खेपेत त्याचा डोळा लागला आणि ट्रक पुलावरून खाली कोसळला. तेव्हापासून राबणाऱ्याला विसावा हवा, हे आत्याच्या मनात पक्कं बसलं होतं. मिक्सर दोनदा फिरवला की ती त्याला थांबवायची. पंख्यालासुद्धा म्हणायची, "दमलास रे बाबा." माझ्यासाठी तर तिने लोकरीचा झगा विणला. तो घातल्यावर मी आतल्या आत असा उकडलो की नेट मुंगीच्या पावलाने चालायला लागलं. नेटवाला आला आणि झगा बघून पोट धरून हसला. "काकू, ह्याला थंडी नाही वाजत, वारा लागतो!" आत्याही हसली. झगा निघाला, पण तिची माया काही निघाली नाही.

दुपारी सगळे कामावर गेले, ताई बाहेर गेली किंवा झोपली, की आत्या माझ्याजवळ यायची. "चल, पड जरा," म्हणायची आणि बटण खाली करायची. मग माझ्याच खालच्या खुर्चीत बसायची. पाय लांब करायची, डोळे मिटायची. दिवे विझले तरी मला तिचा तो सुस्कारा ऐकू यायचा. बाहेर सावल्या लांबल्या की ती मला पुन्हा चालू करायची.

खरं सांगतो मित्रांनो, मला त्या विसाव्याची काडीइतकी गरज नव्हती. उलट मनात म्हणायचो, काय ही कटकट! सारखं निजवायचं नि उठवायचं.

आणि एका दुपारी घात झाला. ताई आतल्या खोलीत दार लावून बसली होती. मोठ्या कंपनीतले लोक नेटवरून तिची मुलाखत घेत होते. तिने हे आईबाबांना सांगितलं होतं, आत्याला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. आत्याला वाटलं पोरगी झोपलीय. तिने नेहमीप्रमाणे मला बंद केलं.

ताई रडतच बाहेर आली. "आत्या, तुला काही कळतं का गं? माझं वाटोळं केलंस!" मी परत चालू होईपर्यंत त्या लोकांनी दुसऱ्या मुलीला बोलावलं होतं.

संध्याकाळी बाबांनी माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली. "अक्का, यापुढे ह्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं," आत्या म्हणाली. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर मी अखंड चालू लागलो. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत्याकडे ताईचा जुना फोन होता. तो माझ्याच जिवावर चालायचा. मी दुपारी बंद असायचो तेव्हा तो फोनही गप्प असायचा. आता तो गप्प बसेना. 'आत्या, पार्सल येईल, घे.' 'अक्का, माझा निळा शर्ट इस्त्रीला दे.' 'वन्सं, पाहुणे येतायत, चार माणसांचा स्वयंपाक जास्त करा.' हे सगळे निरोप माझ्याच पोटातून जायचे. मीच ते पोचवायचो आणि आत्या गुडघ्यावर हात टेकून उठायची. खुर्ची रिकामीच राहायची. मला बंद करायच्या निमित्ताने बिचारी स्वतः बसायची. तेवढं निमित्तही आम्ही काढून घेतलं.

एकदा ती माझ्यावरची धूळ पुसताना थांबली. डावा हात दाबत म्हणाली, "मुंग्या येतायत रे हाताला. कुणाला सांगू? सगळे कामात." मी काय करणार? जगभरचे निरोप पोचवणारा मी, हा एक निरोप मला शेजारच्या खोलीत पोचवता आला नाही.

मग तो दिवस आला. दुपारी आत्या भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेली. काहीतरी पडल्याचा आवाज झाला. तिचा फोन वाजत राहिला, एकामागून एक निरोप येत राहिले. कुणी उत्तर दिलं नाही.

आधी ताई आली. तिने माझ्याकडे पाहिलं, दिवे हिरवे होते. ती आपल्या खोलीत गेली. मग आई आली. तिने पर्स ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल घेऊन बसली. बाबा आले, "नेट चालू आहे ना?" म्हणाले. ताई आतून म्हणाली, "हो." झालं. सगळं ठीक आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं. चहा आला नाही म्हणून शेवटी ताई उठली, आणि मग तिची किंकाळी ऐकू आली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. आत्या घरी परत आली नाही.

नंतर एका दुपारी बाबा कामावर गेलेच नाहीत. ते माझ्यासमोर उभे राहिले. त्यांनी नखाने ती चिकटपट्टी खरवडून काढली आणि ते म्हणाले, "घे रे, विसावा घे." आणि खाली खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. बटण खाली जाताना मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाबा, मला नको होता हो. मला कधीच नको होता.

मित्रांनो, मला चालू ठेवा नाहीतर बंद करा, मला त्याचं सुख नाही की दुःख नाही. फक्त अंगावर झगा घालू नका आणि अधूनमधून धूळ पुसा. माझं तेवढ्यात भागतं. पण एक विनवणी आहे. घरात पाऊल टाकलंत की आधी माझ्या दिव्यांकडे बघू नका. आधी घरातल्या माणसाला हाक मारा. आणि ओ आली नाही, तर चपला काढायलाही थांबू नका, तसेच आत जा.