चुकलेली तिथी

कुवेतमध्ये रेल्वे नाही, म्हणूनच आमच्या नीरजला तिचं वेड लागलं असावं. इथल्या सालमिया भागात वाढलेला पोरगा टेक्ससला शिकायला गेला आणि राहायला निवडलं काय, तर रुळांच्या कडेचं एवढंसं गाव. रेल्वे आली म्हणून वसलेलं, कापसाचा धंदा बसला तसं ओस पडलेलं. तिथे प्रवासी गाडी थांबत नाही. लाल स्टेशनाचं म्युझियम झालंय, पाण्याची जुनी टाकी आहे आणि जाणाऱ्या मालगाड्या इंटरनेटवरून जगाला दाखवणारा एक कॅमेरा. दर रविवारी नीरज त्या कॅमेऱ्यासमोर उभा राहून आम्हाला हात करायचा. मी म्हणायचो, "त्या गावात बघण्यासारखं एवढंच, आमचं ध्यान!"

त्याच गावच्या फाटकावर मालगाडीने त्याची मोटार उडवली.

तेव्हापासून माझी बायको सुमेधा हॉस्पिटलमधली ड्युटी संपली की कॅमेरा लावून बसते. मला संताप यायचा. यंदा श्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी तिने मला हाक मारली. "अहो, आलाय बघा."

तिथे सकाळ होती. फलाटावर नीरज उभा होता, आमच्याकडे बघत. हात करत नव्हता. हात पोटाशी धरलेले. मी खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकलो.

"दर वर्षी आजच येतो," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पान वाढते, तेव्हा नसतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अपघात तिथल्या संध्याकाळचा. फोन आला तेव्हा इथे दुसरा दिवस लागला होता आणि आम्ही कॅलेंडरात त्या दुसऱ्या दिवसाचीच तिथी धरली. दर वर्षी आमचं पान एक दिवस उशिरा, आणि पोरगं उपाशी परत!

"आजच वाढ," मी ओरडलो.

"नको ना."

"अगं, भुकेला आहे तो!"

ती हलेना. मीच वरणभात लावला, शेवयांची खीर केली, बाल्कनीत पान ठेवलं. इथे कावळा कुठला? एका पारव्याने येऊन भाताला चोच लावली. स्क्रीनवर नीरजने हात खाली सोडले. मालगाडी धडधडत गेली. ती सरली तेव्हा फलाट रिकामा होता.

मी हात जोडले. सुटला पोरगा.

"आता नाही यायचा," सुमेधा म्हणाली. "तिथी चुकलीय हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. आई असून उपाशी ठेवला मी त्याला, नुसता दिसावा म्हणून."

तिच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं. पण मलाही वाटत होतं, पान वाढायला नको होतं.