मावशींच्या नावाची डबी

हॉस्पिटलात तपासणी निघाली ती फक्त रोजंदारीवरच्या आयांची. बेडका तपासायचा, टीबी निघाला की घरी. आम्हा कायम नर्सना कुणी विचारलंच नाही.

द्वारकाबाई मावशी देवगाव रंगारीच्या. माझी ड्युटी असली की चादरींच्या खोलीत माझ्या सात महिन्यांच्या सोन्याला त्याच सांभाळायच्या. महिनाभर खोकत होत्या. तपासणीच्या सकाळी त्यांनी बेडक्यासाठी मिळालेली आपली डबी माझ्या हातात कोंबली.

"सिस्टरबाई, तुमीच थुका यात. तुमचं सगळं साफ असतंय."

"मावशी, असं नाही चालत."

"मग मला काढल्यावर सोन्याला कुठं ठिवता? वाळूजच्या कंपनीत, बापाच्या मशिनीवर?"

मला हसू आलं. मोरीपाशी गेले, खोल खाकरले, थुंकले आणि झाकण लावलं.

मग विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं, बंद झाला. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस सोन्या माझ्या कुशीत निजला. दूध पिता पिता माझ्या ओठांत बोट घालायचा, मी ते हळूच चावायचे. रोज पहाटे मी घामानं भिजून उठत होते, ब्लाउज सैल व्हायला लागले होते. मावशी म्हणायच्या, "अंगावर पाजता, वाळनारच की माय."

दहाव्या दिवशी सर्जेराव क्लार्क चिठ्ठी घेऊन चादरींच्या खोलीत आले.

"द्वारकाबाई, जंतू निघालेत. उद्यापासून येऊ नका."

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघत म्हणाल्या, "व्हय सायेब."

ते वळले तशा माझ्या कानाशी लागल्या, "तुमी गुपचूप औषध घ्या. तुमची नोकरी पक्की हाय, ती नका घालवू. मी जाते गावाकडं."

"सर्जेराव, थांबा," मी म्हणाले. "तो बेडका माझा आहे."

ते जाऊन दोन नव्या डब्या घेऊन आले. एकीवर माझं नाव, एकीवर मावशींचं. "आता माझ्यासमोर," म्हणाले.

आम्ही दोघी थुंकलो. तेवढ्यात चादरींच्या ढिगावर सोन्या जागा झाला आणि रडू लागला. माझा पान्हा फुटून ब्लाउज ओला झाला. मी पुढं झाले, मावशीही झाल्या. दोघी एकदमच थांबलो.

त्यानं हात वर केले होते. सर्जेरावांनी डब्या खाली ठेवल्या, हात धुतले आणि त्याला उचललं.