चाळिसाव्या दिवसाचे गहू

प्रोफेसर त्सांकोव यांनी चमच्याने अक्रोडाचा एक तुकडा ताटलीच्या कडेला ढकलला.

"ही आपली आकाशगंगा. बाकीचे तुकडे असेच लांब लांब चाललेत. कायमचे. शेवटी सगळं थंडगार."

"आणि त्या थंडीत तुम्ही एकटेच भाषण ठोकत उभे," त्यांचा वेधशाळेतला सहकारी कामेनोव म्हणाला. त्याने आपल्या चमच्याने गहू परत मधे ओढले. "पसरणं मंदावतंय, साहेब. एक दिवस सगळं माघारी येणार आणि पुन्हा फुटणार."

"माघारी! विश्व काय रुसून माहेरी गेलंय?"

ताटली वेलिझारच्या हातात होती. त्याची बायको गिंका जाऊन चाळीस दिवस झाले होते; तिच्या नावाने वाटायचे उकडलेले गहू होते ते. जन्मात पहिल्यांदाच त्याने शिजवलेले. सोफिया शहरातल्या त्या दफनभूमीत येणाऱ्याने कबरीपाशी चमचाभर खायचे आणि 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं, एवढाच रिवाज. दोघांनीही अजून चमचा तोंडाला लावला नव्हता.

वेधशाळेतल्या दुर्बिणीला तेलपाणी करण्यात वेलिझारची तीस वर्षं गेली. या दोघांची भांडणं त्याला पाठ होती. दोघांचे आकडेही गिंकाच्याच हातचे. काचेवरच्या फोटोंतला एकेक ठिपका मोजून तिने डोळे घालवले. त्याच आकड्यांवर एकाने विश्व मारलं, दुसऱ्याने पुन्हा जन्माला घातलं. तिचं नाव कुणीच कुठे छापलं नाही.

तिची शेवटची वही आज त्याच्या पिशवीत होती. सकाळीच त्याने ठरवलं होतं, या दोघांपैकी जो आधी ते चार शब्द म्हणेल त्याला वही द्यायची.

"घ्या ना," तो म्हणाला.

"अहो, हलवू नका!" त्सांकोव म्हणाले. "हे पाहा कामेनोव, इथे पोकळी तयार झाली..."

वेलिझारने ताटली त्यांच्या चमच्यांखालून काढून घेतली. शेजारच्या कबरीवर एक अनोळखी म्हातारी फुलझाडांना पाणी घालत होती. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. तिने ओले हात झग्याला पुसले.

"कुणाचे रे बाबा?"

"बायकोचे. गिंकाचे."

"देव गिंकाला क्षमा करो." तिने चमचाभर गहू सावकाश चावून खाल्ले. "साखर विसरलास."

"हो का?"

"असू दे. सहा महिन्यांनी पुन्हा करायचे असतात. तेव्हा घाल." आणि तिने आणखी एक चमचा घेतला.



मागून दोघे आले.

"वेलिझार, एक काम होतं," त्सांकोव म्हणाले. "गिंकाची शेवटची वही. पसरणं मंदावतंय की नाही, ते त्यात कळेल."

"विश्वाचा शेवट आहे हो त्यात," कामेनोव म्हणाला.

वेलिझारने ताटलीवर फडकं बांधलं आणि ती पिशवीत, वहीवर, नीट ठेवली.

"सापडली नाही. घर आवरायचं राहिलंय."

"मग कधी आवरणार?"

"सहा महिन्यांनी या," तो म्हणाला. "साखर घालून करतो."