फुफ्फुसं ठणठणीत

सकाळी दुकान उघडलं की रेडिओ सुरू व्हायचा. रेडिओ म्हणजे खुद्द दुकानदार. केस कापताना त्याची जीभ कात्रीच्याही पुढे धावायची, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं हे नाव. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या मूळव्याधीनं उचल खाल्ली, त्याला काही वर्ज्य नव्हतं. मागच्या अंगणात त्याची आई दुकानाचे टॉवेल वाळत घालायची आणि खोकायची. खोकला काही केल्या हटेना, तेव्हा त्यानं तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीचा स्कॅन करवला.

तपासणीनंतर आई बाहेर बाकावर बसली आणि लेक आत गेला. डॉक्टरांशी बोलायचं ते पुरुषांनी, हा त्या घरचा शिरस्ता.

"फुफ्फुसं चांगली आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खोकला औषधानं जाईल. पण उजव्या स्तनात गाठ दिसतेय. आम्ही ती शोधत नव्हतो, अचानक सापडली. कसली आहे ते पुढच्या तपासण्यांशिवाय कळणार नाही, तेव्हा याच आठवड्यात या. त्यांना आत बोलवा, मीच सांगते."

रेडिओचे कान तापले. "नको नको! घाबरेल ती. मी सांगतो ना घरी गेल्यावर."

बाहेर आईनं विचारलं, "काय रे म्हणाल्या?"

आईसमोर तो शब्द काढायचा तरी कसा? "फुफ्फुसं ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "काळजीचं काही नाही." आईचा चेहरा असा खुलला की त्याला नवल वाटलं.

घरी त्यानं ते काम बायकोच्या गळ्यात टाकलं. "मी सांगू?" ती म्हणाली. "सून माझ्या वाइटावर टपलीय, असंच म्हणतील त्या. वन्संना सांगा की." बहिणीनं फोनवर "आले की बोलते" म्हणून वेळ मारून नेली. ती आली तेव्हा आई हसतखेळत होती. दादानं सांगितलं असेल, काही निघालं नसेल, असं समजून तीही गप्प बसली. बायकोला वाटलं, वन्संनी सांगितलं. रेडिओनं कुणालाच विचारलं नाही. तिघांचाही आईवर जीव होता, यात तिळमात्र शंका नाही. आग लागो असल्या मर्यादेला!

वर्ष सरत आलं. आई डाव्याच हातानं टॉवेल वाळत घालू लागली. उजवा वर जाईना. मग एक दिवस धुण्यात सुनेला तिच्या ब्लाउजवर रक्त दिसलं.

पुन्हा तोच दवाखाना, त्याच डॉक्टरबाई. आता बहीणही सोबत आली होती. तपासण्या झाल्यावर त्यांनी या वेळी लेकाला विचारलंच नाही. आईचा हात हातात घेऊन सगळं तिलाच सांगितलं. कॅन्सर हाडांपर्यंत गेला होता. दुखणं कमी करता येईल, आजार बरा होणार नाही.

आईनं डाव्या हातानं पदर सारखा केला. मग म्हणाली, "गाठ हाताला लागत होती हो मला, स्कॅनच्या आधीपासून. पण सांगणार कुणाला? म्हटलं, छातीचंच यंत्र आहे, असेल काही तर दिसेलच. हा म्हणाला, काळजीचं काही नाही. म्हणून मी निर्धास्त झाले."

रेडिओ भिंतीला टेकून खाली बसला. "आई, यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं गं," तो कसाबसा म्हणाला. आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

डॉक्टरबाई बहिणीकडे वळल्या. "आईला हा आजार आहे, म्हणजे तुम्हीही स्तनांची तपासणी करून घ्यायला हवी. शेजारच्याच खोलीत होते, आत्ता लगेच."

बहिणीनं मान खाली घातली.

"आज नको," ती म्हणाली. "आधी ह्यांना विचारते."